ज्या बिलापायी वऱ्हाड गेलं, ते बिल सालारजंगांनी तीस वर्षं सोडलं नाही

हैदराबादला फिरायला गेलेला माणूस चारमिनार, बिर्याणी आणि सालारजंग म्युझियम या तीन गोष्टी सोडत नाही. म्युझियममध्ये सगळ्यात जास्त गर्दी दोन ठिकाणी असते. एक ते तासाला टोल देणारं घड्याळ आणि दुसरी बुरख्यातली रिबेका. संगमरवरात कोरलेली बाई, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पातळ ओढणीसारखा पडदाही संगमरवराचाच. इटालियन शिल्पकार बेन्झोनीचं हे काम. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडून गेलेली मंडळीही तिच्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात.

ती मूर्ती १८७६ साली रोममध्ये खरेदी करणारा माणूस युरोपात मूर्त्या घ्यायला गेलेला नव्हता. तो गेला होता वऱ्हाड परत मागायला.

त्याचं नाव मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सर सालारजंग. म्युझियममधला बहुतेक संग्रह त्यांच्या नातवाचा, तिसऱ्या सालारजंगांचा. पण घराण्याला नाव मिळालं ते या आजोबांमुळे. वयाच्या चोविसाव्या वर्षी ते हैदराबाद संस्थानचे दिवाण झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षं, त्या खुर्चीवर होते. या तीस वर्षांत त्यांनी रेल्वे आणली, जिल्हे आखले, टाकसाळ ताब्यात घेतली. पण एक काम त्यांच्या हातून झालं नाही, आणि त्याच कामाने त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

ते काम समजून घ्यायचं तर नकाशात यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण टोक बघावं लागेल. उमरखेड तालुक्यातली ढाणकी ही बाजारपेठ. ढाणकीहून हिमायतनगरकडे निघालं की गांजेगावजवळ पैनगंगा लागते. पूल ओलांडला की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. आज हा फक्त दोन जिल्ह्यांमधला पूल आहे. पावसाळ्यात पाण्याखाली गेला की बातमी होते, एवढंच. पण १८५३ पासून १९४७ पर्यंत या नदीच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार होता आणि पलीकडे निजामाचा. बोली तीच, सोयरिकी त्याच, कापूस तोच. तरी कोर्ट वेगळं, नाणं वेगळं, सरकार वेगळं.

आणि ही रेघ कुठल्या लढाईने पडली नव्हती. ती पडली एका थकलेल्या बिलामुळे.

हे बिल सैन्याच्या पगाराचं होतं. सन १८०० मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्यानुसार कंपनीची तैनाती फौज हैदराबादेत राहणार होती आणि तिच्या खर्चापोटी निजामाने टिपू सुलतानाकडून मिळालेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. म्हणजे तैनाती फौजेचे पैसे चुकते झाले. याच तहात आणखी एक कलम होतं. युद्ध झालं तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यायचं. हे कलम युद्धापुरतं होतं.

१८११ मध्ये हेन्री रसेल हैदराबादचा रेसिडेंट झाला. त्याला निजामाचं सैन्य गबाळं वाटत होतं. त्याने निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, नवी पलटण उभी केली. लोक तिला रसेल ब्रिगेड म्हणू लागले. पुढे वाढत वाढत तिचं हैदराबाद कंटिन्जंट झालं. आता तहातलं कलम युद्धापुरतं असताना ही फौज बारा महिने पोसायची असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. निजामाच्या दरबारातून तिला रीतसर नकारही कधी गेला नाही. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास खर्च मात्र सुरू झाला.

त्या काळात हैदराबादचा सगळा कारभार चंदूलाल या मुत्सद्द्याच्या हातात होता. दिवाण नावाला वेगळेच होते. त्यांचं नाव मुनीर उल मुल्क, आणि त्यांनी कारभारात लक्ष घालायचं नाही असं ठरलेलं होतं. हे मुनीर उल मुल्क म्हणजे सालारजंगांचे सख्खे आजोबा. आजोबा खुर्चीवर बसून होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते कर्ज वाढत गेलं, जे पुढे नातवाला फेडायचं होतं.

फौजेचा पगार दर महिन्याला लागतो, महसूल येतो सुगीनंतर. मधल्या काळात पैसे कोण देणार? इथे कंत्राटदार आले.

पहिली मोठी पेढी विल्यम पामर आणि कंपनीची. हा पामर म्हणजे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामरचा मुलगा, आई मुसलमान घराण्यातली. १८१८ च्या सुमारास या पेढीने वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या फौजेच्या पगारासाठी दरमहा २ लाख रुपये पुरवायचं कंत्राट घेतलं. म्हणजे वर्षाला २४ लाख. बदल्यात पेढीला वर्षाला ३० लाखांचा महसूल तोडून दिला गेला. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीस. पेढीतल्या एका भागीदाराची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लेकीसारखी वाढवलेली होती, त्यामुळे कलकत्त्याहून परवानगी मिळायला अडचण आली नाही. १८२० मध्ये ६० लाखांचं नवं कर्ज दाखवलं गेलं. रसेलच्या जागी चार्ल्स मेटकाफ आला आणि त्याने वह्या उघडल्या, तेव्हा त्यातले ८ लाख हे पेढीने स्वतःसाठी काढलेला बोनस निघाले.

मोठा गाजावाजा झाला. शेवटी १८२३ मध्ये कंपनीने वेगळा मार्ग काढला. उत्तर सरकार जिल्ह्यांपोटी कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये देत होती. ते देणं कायमचं बंद करून त्याबदल्यात एकरकमी सुमारे १ कोटी १६ लाख दिले आणि त्यातून पामरचं कर्ज फेडलं. पुढच्याच वर्षी पामरची पेढी बुडाली. निजामाचं कायमचं उत्पन्न मात्र गेलं ते गेलंच.

पामरनंतर वऱ्हाडच्या वाट्याला दुसरे आले. आधी पूरणमल सावकार, मग तारापूरचे पारशी बंधू विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी. कोकणात जकातीचे मक्ते घेऊन वर आलेलं हे घराणं. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईच्या बंदराकडे नेण्यात ते आघाडीवर होते. त्यांनी निजाम सरकारला उचल दिली, त्याबदल्यात वऱ्हाडातला महसूल वसूल करायचा हक्क त्यांना मिळाला. चंदूलाल १८४३ मध्ये पायउतार झाला आणि नव्या कारभाराने १८४५ मध्ये हे परगणे त्यांच्याकडून काढून घेतले. पैसे फिटायचे बाकी होते. हे बंधू इंग्रजांकडे गेले, पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत अर्ज पोहोचला. उपयोग झाला नाही, पेढी मोडली.

या सगळ्यात पाटील, कुणबी, बंजारा, आंध यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. ज्याला एका-दोन वर्षांपुरता मक्ता मिळतो तो पुढच्या वर्षीच्या पेरणीची काळजी करत नाही. मिळेल तेवढं पिळून घेतो. एका परगण्यावर एकाच वेळी दोन मक्तेदारांनी हक्क सांगावा, आणि रयतेने दोघांना वसुली द्यावी, असेही प्रकार होत.

सालारजंगांचा जन्म या गोंधळातला. २१ जानेवारी १८२९, विजापूर. वडील लवकर गेले. सांभाळ केला काका सिराज उल मुल्क यांनी. फारसी, अरबी शिकले, इंग्रजीही शिकले. पणजोबा मीर आलम हे हैदराबादचे नावाजलेले दिवाण होते, टिपूविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत निजामाच्या फौजेबरोबर गेलेले. हैदराबादचा मीर आलम तलाव त्यांच्याच नावाचा. हा तलाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात मीर तुराब अलींना तेलंगणातल्या एका भागाचा कारभार मिळाला आणि तिथे ते वसुलीचे कागद वाचायला शिकले. हे शिक्षण पुढे दरबारी अदबीपेक्षा जास्त कामाला आलं.

इकडे कंटिन्जंटचा पगार थकला की आता कंपनीच आपल्या खजिन्यातून भरत होती आणि निजामाच्या नावावर व्याजासकट मांडत होती. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना ही बाकी ७० लाखांपर्यंत गेली. त्याने तगादा लावला. १८५१ मध्ये निजाम नासिर उद्दौलाने जवाहिर गहाण टाकून वगैरे निम्म्याच्या आसपास रक्कम भरली. पण दरमहा पगार चालूच होता, त्यामुळे बाकी पुन्हा फुगली. १८५३ मध्ये ती ५० लाखांच्या घरात आहे असं सांगून डलहौसीने मुलूख मागितला.

निजामाने खूप टाळलं. रेसिडेंट कर्नल लो याच्याशी बोलताना त्याने सांगितलं की राजाला दोन गोष्टी लाज आणणाऱ्या असतात, वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देणं आणि इमानी सैनिकांना घरी पाठवणं. त्याला दोन्ही करायला सांगितलं जात होतं. मग रेसिडेंटचा मदतनीस मेजर कथबर्ट डेव्हिडसन याने दिवाण सिराज उल मुल्क यांना एक चिठ्ठी पाठवली. बोलणी संपली आहेत आणि पलटणी हलवायची तयारी सुरू आहे असा तिचा मतलब होता. २१ मे १८५३ रोजी तहावर शिक्का पडला. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीकडे गेले. वऱ्हाड निजामाच्या मालकीचंच राहणार, कंपनीने फक्त कारभार बघायचा, फौजेचा खर्च भागवायचा, दरवर्षी हिशेब द्यायचा आणि उरलेले पैसे निजामाला परत करायचे, असं कागदावर ठरलं.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ हेच घडत होतं. अमेरिकेतल्या इंडियाना भागात मायामी नावाचे मूळ रहिवासी होते. १८४० च्या तहाने त्यांनी आपली जमीन सोडून पाच वर्षांत मिसिसिपीपलीकडे जायचं ठरलं. जमिनीच्या मोबदल्यातला मोठा हिस्सा गोऱ्या व्यापाऱ्यांच्या उधारीत वळता झाला. त्यांना हलवण्याचं सरकारी कंत्राट एकाने घेतलं, दुसऱ्याला विकलं, ते पुढेही हात बदलत गेलं. शेवटी ऑक्टोबर १८४६ मध्ये कालव्यातल्या बोटींमध्ये बसवून त्यांना नेलं. तह, उधारी आणि कंत्राट या तिन्ही गोष्टी तिथेही होत्या. फरक एवढाच की तिथे माणसं हलवली, आणि इथे माणसं जागेवर ठेवून त्यांच्या पायाखालचं सरकार हलवलं. विचारलं कुणालाच नाही, ना तिथे ना इथे.

तह होऊन आठवडाही उलटला नाही तोच सिराज उल मुल्क वारले. ३१ मे १८५३ रोजी चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. खजिना रिकामा होता. जिल्हेच्या जिल्हे अरब जमादार, रोहिले आणि सावकारांकडे गहाण पडलेले. सरकारी पगार महिनोन् महिने थकलेले. नव्या दिवाणाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे गहाण तालुके सोडवायला सुरुवात. कुणाचं किती देणं खरं, किती खोटं, याची तपासणी बसवली. खरं देणं हप्त्याने फेडायचं, खोटं काढून टाकायचं. मक्त्याची पद्धत हळूहळू बंद केली आणि पगारी तालुकदार नेमले. पुढे १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. आज मराठवाड्यातले जिल्हे ज्या मुळावर उभे आहेत ते हेच. पावत्या, तारखा, जमाखर्च यांचं वेड असलेला हा माणूस होता.

१८५७ उजाडलं. १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या मागे आलेल्या जमावाने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. सालारजंगांनी रेसिडेंटला आधीच सावध केलं होतं. हल्ला मोडला गेला. हैदराबाद फिरलं असतं तर दक्षिण हातची गेली असती हे इंग्रजांना पक्कं माहीत होतं. इंग्रजांना वाचवणारा माणूस म्हणून सालारजंगांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते, आणि ती टीका चुकीची म्हणता येत नाही. तुर्रेबाज खान मारला गेला तो त्याच बाजूच्या हातून, ज्या बाजूला सालारजंग उभे होते. १८५९ मध्ये दरबारातून बाहेर पडताना रेसिडेंट आणि सालारजंग दोघांवर हल्ला झाला, त्यातून ते वाचले. १८६८ मध्ये त्यांच्यावर पुन्हा गोळी झाडली गेली.

याच वर्षांत कंटिन्जंट कुठे होती? सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात, झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध. म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून ज्यांचा पगार निघत होता ते स्वार झाशीवर चालून गेले होते.

१८५७ नंतर इंग्रजांना निजामाला खूश करायचं होतं. बक्षीस म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. शोरापूरचं संस्थान मिळालं. ५० लाखांचं जुनं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं, आणि वर एक छोटीशी दुरुस्ती झाली. आता इंग्रजांनी वऱ्हाडचा तपशीलवार हिशेब द्यायची गरज नाही. उरेल ती रक्कम द्यायची, किती उरलं ते तेच ठरवणार.

सालारजंगांना ही दुरुस्ती किती महाग पडणार ते कळत होतं. पण त्याच वर्षी एक दुसरा कागद तयार झाला, ज्याने त्यांच्या हाती हत्यार दिलं. आता रेसिडेंट होता कर्नल डेव्हिडसन. तोच, १८५३ च्या चिठ्ठीचा. सालारजंगांनी त्याच्यापुढे एक जुना दावा मांडला होता. सिकंदराबाद आणि जालना इथे इंग्रजी छावण्या होत्या. तिथल्या दारूच्या दुकानांचं उत्पन्न, म्हणजे आबकारी, हक्काने निजामाचं. पण १८१२ पासून १८५३ पर्यंत ते इंग्रजांनीच ठेवून घेतलं. वर्षाला सुमारे १ लाख धरले तरी एक्केचाळीस वर्षांचे ४१ लाख होतात. शिवाय तहात नसलेल्या फौजेचा फुगवलेला खर्च आणि त्यावरचं व्याज वेगळं. डेव्हिडसनने कागद पाहिले आणि आपल्या सरकारला लिहून कळवलं की दोन्ही बाजूंची देणीघेणी सारख्या नजरेने मांडली असती तर १८५३ मध्ये निजामाकडून घेण्यासारखं आपलं फारसं काही निघालंच नसतं.

वऱ्हाड गेलं ते ५० लाखांसाठी. आणि जो अधिकारी ते घेताना धमकी पोहोचवत होता तोच सात वर्षांनी सांगत होता की ते ५० लाख जवळपास नव्हतेच. उमरखेड, पुसद, ढाणकी, वणी, अचलपूर, अकोला, सगळं मिळून एवढा मोठा मुलूख एका न जुळलेल्या ताळेबंदावर गेला होता.

सालारजंगांना वाटलं, आता मुद्दा साफ आहे. इंग्रज स्वतःला कायद्याचं राज्य म्हणवतात. कागद दाखवला की मानतील. इथे त्यांचा अंदाज चुकला.

१८६० नंतर वऱ्हाडही बदलत होतं. अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव वाढला. रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत गेली. खामगाव, अमरावती इथे कापसाचे बाजार फुलले. जमिनीची मोजणी झाली, शेतसारा वाढला. उत्पन्न वाढत होतं तसा कारभाराचा खर्चही वाढत होता. कमिशनर, डेप्युटी कमिशनर, बांधकाम, सर्व्हे. सालारजंगांची तक्रार होती की दोन लहान जिल्ह्यांना पुरेल एवढ्या मुलखावर गोऱ्या साहेबांची फौज बसवली आहे आणि त्यामुळे निजामाच्या हाती शिल्लक म्हणून फार थोडं पडतं. उत्तर ठरलेलं होतं. हिशेब द्यायला आम्ही बांधील नाही.

१८६६ पासून त्यांनी वऱ्हाड परत मागायला उघड सुरुवात केली. म्हैसूर पुढे वाडियारांना परत देणार असं इंग्रज सरकार याच सुमाराला सांगत होतं, त्यामुळे आशा होती. १८७२ च्या सुमारास त्यांनी एक पक्का प्रस्ताव दिला. तुम्हाला फौजेच्या पगाराची हमी हवी ना? मग आम्ही एवढी मोठी रक्कम तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवतो की तिच्या व्याजातून कंटिन्जंटचा पगार सुटेल. वऱ्हाड सोडा. व्यवहाराच्या नजरेने यात खोट काढता येत नव्हती. वीस वर्षांपूर्वी पगाराला महाग असलेलं संस्थान आता एवढी ठेव ठेवायला तयार होतं, हे त्यांच्या कारभाराचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. पण प्रस्ताव नाकारला गेला. कारण इंग्रजांना हमी नको होती, वऱ्हाड हवं होतं. मुंबई-नागपूर रेल्वे त्याच्यातून जात होती.

मग सालारजंग १८७६ मध्ये स्वतःच निघाले. वाटेत इटली, तिथे ती रिबेका. पॅरिसमध्ये हॉटेलच्या जिन्यावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. काही आठवडे अंथरुणावर काढून तसेच लंडनला गेले. स्वागत जंगी झालं. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, लंडन शहराने आपलं नागरिकत्व बहाल केलं, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, सरदार उमरावांच्या मेजवान्या झडल्या. १८५७ मध्ये राज्य वाचवणारा माणूस म्हणून वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. वऱ्हाडचा विषय काढला की मात्र भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी एकच सांगत. अर्ज हिंदुस्थान सरकारमार्फत येऊ द्या. हिंदुस्थान सरकार म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, ज्याला हे प्रकरण अजिबात आवडत नव्हतं.

परत आल्यावर त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. निजाम महबूब अली खान तेव्हा लहान होता, त्याच्या नावाने दोन कारभारी राज्य बघत. सालारजंगांचे सहकारी कारभारी १८७७ मध्ये वारले, आणि त्यांच्या जागी लिटनने विकार उल उमरा यांना बसवलं. सालारजंगांशी त्यांचं उघड वैर होतं. सालारजंगांनी विरोध केला, पण चालला नाही. १८७८ मध्ये लंडनहून उत्तर आलं. निजाम सज्ञान होईपर्यंत वऱ्हाडवर चर्चा होणार नाही. पंचवीस वर्षांच्या कागदपत्रांना हे उत्तर. मुद्दे बरोबर की चूक, आबकारीचे ४१ लाख देणं लागतं की नाही, यावर निर्णय कधी झालाच नाही. ज्याच्याकडून घेणं, तोच न्यायाधीश.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सालारजंग वऱ्हाड मागत होते ते निजामासाठी, वऱ्हाडी माणसासाठी नव्हे. त्यांच्या पत्रव्यवहारात महसूल आहे, सार्वभौमत्व आहे, तहाची कलमं आहेत. रयतेला कुठे राहायला आवडेल हा प्रश्न नाही. इंग्रजी वऱ्हाडात कोर्टाची आणि शाळेची भाषा मराठी झाली. नदीपलीकडे आधी फारसी आणि सालारजंगांच्या मृत्यूनंतर उर्दू. त्यामुळे वऱ्हाड परत गेलं असतं तर ढाणकीच्या माणसाचं भलंच झालं असतं असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. पण ते इंग्रजांकडे गेलं तेही त्याच्या भल्यासाठी नव्हतं.

निजाम सज्ञान व्हायला एक वर्ष राहिलं होतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये मेक्लेनबर्गचा एक जर्मन ड्यूक हैदराबादला पाहुणा म्हणून आला. सालारजंगांनी त्याला मीर आलम तलावावर नौकाविहाराला नेलं, आपल्या पणजोबांच्या तलावावर. रात्री त्यांना पटकी झाली. दुसऱ्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, ते गेले. वय ५४. पुढच्या वर्षी महबूब अली खान गादीवर बसले, सालारजंगांचा मुलगा लईक अली दिवाण झाला. पण ते जुने हिशेब तोंडपाठ असणारा माणूस आता नव्हता.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आला, निजामाला एकट्याला भेटला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने. भाडं वर्षाला २५ लाख रुपये, ठरीव. कापूस कितीही पिको, सारा कितीही वाढो, निजामाला २५ लाख. कंटिन्जंट ज्या फौजेसाठी हे सगळं घडलं, तिच्या पलटणी १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून टाकल्या. त्यातल्या दोघींना रसेलचंच नाव मिळालं. फौज गेली, मुलूख राहिला.

मालकी मात्र कागदावर निजामाचीच होती, म्हणून १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी देण्यात आली. त्याचं नाव हिमायत अली खान. ढाणकीसमोर, नदीपलीकडच्या वाढोण्याचं नाव हिमायतनगर आहे. योगायोग म्हणा की आणखी काही.

१९४७ मध्ये इंग्रज गेले, तशी भाडेपट्ट्याची गोष्टही संपली. पैनगंगेची हद्द मात्र आणखी वर्षभर टिकली. त्या वर्षात रझाकारांना कंटाळून नदी ओलांडून आलेली माणसं आणि हैदराबाद मुक्तीसाठी लढणारे स्वयंसेवक वऱ्हाडच्या हद्दीत, उमरखेडच्या बाजूला, आश्रयाला होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि पलीकडचा मुलूख भारतात आला. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात गेले आणि एकशे तीन वर्षांनी ढाणकी आणि हिमायतनगर पुन्हा एका सरकारखाली आले.